खानापुरात पोल डान्सचा क्लास नाही. उलटं तोलणं मल्लखांबावर शिकता येईल का?

हो, ताकद आणि धीर मल्लखांबावर नक्की येतो. पकड मात्र पोलवरच शिकावी लागेल. मल्लखांब लाकडी, जाड, एरंडेल तेल चोळलेला. पोल स्टीलचा, बहुधा ४५ मिमीचा, आणि तिथे उघडी, कोरडी कातडीच धरते. तेलकट मांड्यांनी चढलात तर सरळ खाली! बेळगावात तालमीत मुलांना शिकवतो, त्यावरून सांगतो: पाय झटक्यानं वर फेकू नका. आधी खांदे कानांपासून खाली ओढा, गुडघे छातीशी घ्या, मग कंबर वर न्या. तसंच सावकाश उतरता आलं, तरच जमलं म्हणायचं. खाली जाड गादी आणि कंबरेला हात द्यायला माणूस हवाच. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.