रसग्रहणाआधी आकलनाची उजळणी
दहावीच्या मराठीची उजळणी घेताना थेट रसग्रहणाकडे वळू नका, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते; कारण कवितेचा सरळ अर्थच ज्याला लागलेला नाही, तो विद्यार्थी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये या तिन्ही मुद्द्यांखाली मार्गदर्शकातील पाठ केलेली वाक्येच उतरवतो. म्हणून प्रथम अपठित उतारा द्या आणि प्रत्येक उत्तराखाली, ते उताऱ्यातील कोणत्या वाक्यावरून सुचले, हे मुलांना लिहायला सांगा. उत्तर उताऱ्यात थेट दिलेले आहे की तर्काने काढावे लागते, हा भेद यातूनच उमगतो. त्यानंतर कवितेकडे वळा. कवितेत उपमा ओळखणे तुलनेने सोपे असते. तिच्यामुळे त्या ओळीत नेमके काय साधले, हे मात्र मुलांकडून त्यांच्याच शब्दांत वदवून घ्या, मग त्यासाठी अख्खी तासिका गेली तरी चालेल.