'मी दार उघडले' : मुखवट्याआड कोण, हे क्रियापदावरून ठरतं का?

प्रश्न थोडक्यात असा. इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या एका फँटसी वेबकॉमिकमध्ये मुखवटा घातलेलं एक पात्र आहे. मुखवट्याआड परागंदा राजकन्या आहे, की मेला असं सगळे धरून चालले आहेत तो तिचा भाऊ, यावर वाचकांत दोन तट पडले आहेत. राजकन्यावाल्यांचा पुरावा म्हणजे त्या पात्राचे दोन फुगे (कॉमिकमध्ये संवाद लिहितात ते), 'तळघराचे दार मी उघडले' आणि 'मी वचन विसरले नाही', आणि निवेदनाच्या चौकटीतलं 'ती व्यक्ती पुन्हा दिसली नाही'. भाऊवाले भविष्यवाणीकडे बोट दाखवतात: 'सर्प सिंह गिळेल आणि त्याला मुकुट मिळेल'. 'तिला' नाही, 'त्याला'. शिवाय पात्राला 'मुखवटाधारी' म्हटलंय, 'मुखवटाधारिणी' नाही. यातलं काय ग्राह्य धरायचं? आणि मराठीत लिंग लपवून संवाद लिहिता येतात का?

सगळं भांडण पहिल्या फुग्यापासून सुरू झालंय, आणि नेमका तोच फुगा काहीही सांगत नाही. 'उघडले'मधला 'ले' बोलणाऱ्याचा नाही, दाराचा आहे. हा कर्मणी प्रयोग: भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जातं. दार नपुंसकलिंगी, म्हणून 'उघडले'. पडताळा सोपा आहे. कर्म बदलून पाहा. दाराच्या जागी दरवाजा ठेवला तर 'मी दरवाजा उघडला', खिडकी ठेवली तर 'मी खिडकी उघडली'. बोलणारा बाप्या असो की बाई, वाक्य हेच राहतं. 'त्याने' किंवा 'तिने' असतं तर निदान सर्वनामाने चुगली केली असती. 'मी' तेवढीही करत नाही.

घोटाळा होतो तो लेखनामुळे. बोलताना आपण 'दार उघडलं' म्हणतो, औपचारिक लेखनात तेच 'दार उघडले' होतं. उलट स्त्री स्वतःबद्दल 'मी आले', 'मी पडले' म्हणते, ते बोलतानाही 'आले'च राहतं. 'मी आलं' असं कोणी म्हणत नाही. म्हणजे कानाला दोन वेगळी असलेली रूपं ग्रांथिक लेखनात एकसारखी दिसतात. जुनी पद्धतही इथे मदतीला येत नाही. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले खरे, पण त्याआधीही 'दार उघडलें' आणि 'मी आलें' या दोन्हींच्या डोक्यावर टिंब होतंच.

म्हणून कोणताही सिद्धान्त मांडण्याआधी त्या कॉमिकची लेखनाची सवय बघावी. इतर पात्रांच्या फुग्यांत 'काय झालं', 'मी सांगितलं होतं' असं बोलीतलं लेखन असेल, आणि एकट्या मुखवट्याच्या तोंडी 'उघडले' असेल, तर भाषांतरकाराने या पात्राला जुन्या वळणाची भारदस्त बोली दिली आहे एवढंच त्यातून निघतं. सगळीकडेच 'झाले', 'सांगितले' असेल तर तेवढंही निघत नाही.

दुसरा फुगा मात्र वेगळ्या जातीचा आहे. विसरणे सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याच्या मागे जातं. पुन्हा तोच पडताळा: 'मी शपथ विसरले', 'मी शब्द विसरले'. शपथ स्त्रीलिंगी, शब्द पुल्लिंगी, तरी 'विसरले' जागचं हललं नाही. म्हणजे हा 'ले' बोलणारीचाच. पुरुष असता तर 'विसरलो' आलं असतं. अशी क्रियापदं मोजकीच आहेत पण रोजच्या वापरातली आहेत: बोलणे, म्हणणे, शिकणे, समजणे, चुकणे, भेटणे, मुकणे, जिंकणे, हरणे. यातलं 'म्हणणे' दोन्ही डगरींवर हात ठेवून असतं: 'मी म्हणालो' आणि 'मी म्हणाले' इथे लिंग उघडं पडतं, 'मी म्हटलं' इथे झाकलं जातं. 'जिंकणे' त्याहून बेरकी. 'मी लढाई जिंकलो', 'मी लढाई जिंकले', 'मी लढाई जिंकली' ही तिन्ही रूपं चालतात. त्यामुळे मुखवट्याने उद्या 'मी युद्ध जिंकले' असं म्हटलं, तर तो 'ले' युद्धाचा की राणीचा हे ग्रांथिक लेखनात कुणाच्या बापाला सांगता यायचं नाही. लपवाछपवी करायचीच असेल तर याहून सोयीचं वाक्य नाही.

एक अपवाद लक्षात ठेवावा. कोल्हापूरकडच्या बोलीत बायकाही 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. पात्राची बोली त्या वळणाची असेल तर 'लो' पाहून पुरुष ठरवता येणार नाही. या पात्राचं बोलणं तसं नाही, शिवाय फुग्यात 'विसरले' आहे, तेव्हा इथे तो मुद्दा गैरलागू.

मग राजकन्या सिद्ध झाली का? मराठी फुग्यापुरती, हो. पण मूळ इंग्रजी आहे हे विसरू नये. इंग्रजीत 'मी'चं क्रियापद लिंग दाखवतच नाही. मालिका चालू आहे, मुखवटा अजून उतरलेला नाही. भाषांतरकाराला पुढचं कथानक ठाऊक असेल तर 'विसरले' हा भक्कम पुरावा. ठाऊक नसेल तर तो भाषांतरकाराचा अंदाज. दोन्हींतलं काय हे ओळखायची एकच वाट आहे: त्याच पात्राचे आधीचे सगळे फुगे काढून उघडी रूपं एकत्र करावीत. सगळी स्त्रीलिंगी असतील तर भाषांतरकाराने ठरवून लिहिलंय. कुठे 'गेलो', कुठे 'विसरले' असेल तर ती चूक आहे, संकेत नव्हे. चुकीवर सिद्धान्ताचे इमले बांधणं हा चाहत्यांचा आवडता उद्योग असला तरी.

निवेदनातलं 'ती व्यक्ती दिसली नाही' बाद. व्यक्ती हा शब्दच स्त्रीलिंगी. पैलवानालाही 'ती व्यक्ती'च म्हणतात. पण निवेदनाने पुढच्या चौकटीत 'व्यक्ती' शब्द सोडून नुसतं 'ती हसली' म्हटलं, तर संशयाला जागा आहे, कारण नामापासून जसजसं लांब जावं तसतसं सर्वनाम माणसाकडे झुकतं. 'मुखवटाधारी'वरचा आक्षेपही फोल. संस्कृतात '-धारिणी' होतं, पण मराठीत बाई मंत्री होते, अधिकारी होते, तशी मुखवटाधारीही होऊ शकते.

भविष्यवाणीकडे जरा थांबून बघायला हवं, कारण दोन्ही तटांनी तिचा अर्थ घाईने लावलाय. 'त्याला' पुल्लिंगी आहे ते सर्प आणि सिंह हे दोन्ही शब्द पुल्लिंगी असल्यामुळे. रूपकात सर्वनाम प्रतीकाच्या लिंगाने चालतं, त्यामागच्या माणसाच्या नव्हे. राजकन्येच्या ध्वजावर सर्प असेल तर तिच्याबद्दलही 'त्याला'च येणार. 'नागीण' शब्द योजला असता तर गोष्ट वेगळी. त्यातून 'त्याला', 'त्याचा', 'त्याने' ही रूपं पुल्लिंग आणि नपुंसकलिंग दोन्हींना सारखीच लागतात. म्हणजे भविष्यवाणीत आधी एखादं 'मूल' किंवा 'भूत' येऊन गेलं असेल तर 'त्याला' तिकडेही जाऊ शकतं.

खरी गोम 'गिळेल'मध्ये आहे. भूतकाळात 'सर्पाने सिंह गिळला' म्हटलं की 'ने' प्रत्यय कर्ता उघड करतो. भविष्यकाळात तो प्रत्यय नसतो. 'सर्प सिंह गिळेल' यात दोन्ही नामं प्रथमेत, कर्माला 'ला' लावलेला नाही, क्रियापदही दोघांना सारखंच लागू. गद्यात आपण पहिला तो कर्ता असं धरतो, पण भविष्यवाणी पद्यात असेल तर शब्दक्रम उलटा करायची मुभा असते, आणि मग सिंहानेच सर्प गिळला असाही अर्थ निघतो. दुहेरी अर्थाचा असा लपंडाव भविष्यवाण्यांचा जुनाच धंदा आहे. ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसने सांगितलेली क्रीसस राजाची गोष्ट प्रसिद्ध आहे: युद्ध केलंस तर एक मोठं साम्राज्य नष्ट होईल, असं त्याला देववाणीने सांगितलं, आणि नष्ट झालं ते त्याचं स्वतःचंच. आपल्याकडचं 'नरो वा कुंजरो वा' त्याच पठडीतलं.

'आणि त्याला मुकुट मिळेल' हेही मोकळं सोडलेलं आहे. सर्पालाच मुकुट मिळणार असता तर सहज येणारं वाक्य 'सर्प सिंहाला गिळून मुकुट मिळवेल' असं आहे, कारण 'गिळून'मधल्या 'ऊन'ला सहसा पुढचा कर्ता तोच लागतो. 'आणि त्याला' असं वाक्य तोडल्यामुळे मुकुट सर्पाचा, सिंहाचा किंवा तिसऱ्याच कुणाचा असू शकतो. हे भाषांतरकाराने जाणूनबुजून केलं असेल तर शाबासकी द्यायला हवी.

आता लपवण्याचं तंत्र. पहिली गोष्ट, भविष्यकाळ आणि वर्तमानकाळातला नकार हे मित्र. 'मी जाईन', 'मी येणार', 'मी तुला ओळखत नाही', 'मी जाऊ शकत नाही' यांत लिंग नाही. त्याच वाक्यातला नकार काढला की पितळ उघडं पडतं: 'ओळखतो' नाहीतर 'ओळखते'. चालू वर्तमानात 'येत आहे' सुरक्षित, 'येतोय' आणि 'येतेय' दोन्ही उघडी. भूतकाळात 'येत होतो' नको; जुन्या वळणाचं 'मी या वाटेने येत असे' चालतं आणि शेकडो वर्षं जगलेल्या पात्राला शोभतंही. 'मला' ने सुरू होणारी वाक्यं बहुतेक निर्धोक: मला भूक लागली, मला जायचं आहे, मला माहीत आहे. वर चर्चेत आलेला फुगा लिंग न दाखवता लिहायचा तर 'वचनाचा मला विसर पडलेला नाही' असा होतो.

फसायला होतं ते विशेषणांत. 'मी जिवंत आहे' ठीक. 'मी एकटा आहे', 'मी थकलेली आहे' इथे आकारान्त विशेषणाने घात होतो. 'मला' वापरूनही 'मला एकटीला' म्हटलं की संपलं. शोधाशोध करताना हीच ठिकाणं आधी पाहावीत, कारण लिहिणारे क्रियापदं सांभाळतात आणि विशेषणं विसरतात.

सगळ्यात सोपी युक्ती दरबारी 'आम्ही'. 'आम्ही आलो', 'आम्ही आज्ञा देतो' हे राजाही म्हणतो, राणीही. समोरच्या पात्रांकडून 'तुम्ही आलात' किंवा 'आपण आलात' असं आदरार्थी बोलवून घेतलं की तिकडूनही गळती बंद; 'तू आलास' आणि 'तू आलीस' मात्र टाळावं लागतं. अपरिचितासाठी निवेदनात 'कोणीतरी आलं होतं' हे नपुंसकलिंगी रूप तयारच आहे. मात्र दोन पात्रं मुखवटाधारीच्या माघारी त्या पात्राविषयी बोलायला लागली, तर आदरार्थी रूपही वाचवत नाही. तिथे 'ते आले' किंवा 'त्या आल्या' यातलं एक निवडावंच लागतं. तेव्हा तट कोणताही असो, पुढच्या भागांत मुखवट्याचे स्वतःचे फुगे चाळण्यापेक्षा पहारेकरी आपसात काय बोलतात ते वाचा.