पेवातली हळद आणि उभी राहिलेली गाडी

सांगली

चि. लेका,
अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिले. २००५ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, ती टर्बोवाली, मीटरवर ३१ हजार किलोमीटर. भाव वाचून मात्र चष्मा पुसून परत वाचला. तू बघितलेल्या दुसऱ्या व्हीआरएसच्या, ती १ लाख १२ हजार चाललेली, तिच्या दुपटीच्या वर! आणि वर तू विचारतोस, "काका, एवढी कमी चाललीय, मग जास्त पैसे द्यायला काय हरकत?"

आधी हिशेब कर. वीस वर्षांत ३१ हजार, म्हणजे वर्षाला दीड हजार. पुण्याच्या तीन फेऱ्या झाल्या की वर्षाचं रनिंग संपलं. बाकी दिवस गाडी उभी. हरिपूरच्या पेवात, जमिनीखालच्या त्या कोठारात, हळद वर्षानुवर्षं टिकायची, म्हणून आपल्या लोकांना पडून राहिलेलं ते जपलेलंच वाटतं. पण गाडी म्हणजे हळद नव्हे.

टायमिंग बेल्टचंच बघ, इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा. रबराचा तो, किलोमीटरबरोबर उन्हाळेही मोजतो. तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि इंजिनाचा वरचा भाग, हेड, उतरवावं लागतं. हे मला खंबाटकीच्या घाटात कळलं. तासगावकडच्या एका बागायतदाराची २२ हजार चाललेली गाडी हौसेनं घेतली होती, बेल्ट पहिलाच. पुढचे दोन महिने गाडी गॅरेजात आणि मी एसटीत.

तीच गत सस्पेन्शनच्या रबरी बुशांची, ऑइल सीलची, पेट्रोलच्या पाइपांची. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी चालो न चालो. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, तेही पाणी धरतं, आणि २००५चे पाइप त्यासाठी केलेले नव्हते. शिवाय दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन धड तापत नाही, ऑइलमधली ओल उडत नाही. टर्बोची बेअरिंग त्याच ऑइलवर जगते, हे तुला सांगायला नको.

आता, आकडा खरा आहे का? क्लचच्या पेडलचं रबर, स्टेअरिंगचं चामडं, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघ. टायरवरचे शेवटचे चार अंक वाच: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर २००५चेच निघाले तर मीटर बहुधा खरं. पण मग ते टायर दगड झालेत, त्याच दिवशी फेकायचे. गंमत बघ, आकड्याचा पुरावाच तुझ्या खिशाला कात्री लावतो!

आणि गाडी एमएच १० आहे, म्हणजे सांगलीचीच, हे विसरू नकोस. २०१९ला आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांवर गेली, २०२१ला परत पाणी आलं. कमी चाललेल्या गाड्या बऱ्याचदा बंगल्याखाली लावलेल्या असतात, आणि गावभागातल्या बंगल्याखाली त्या वेळी काय होतं ते तू पाहिलंयस. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. वरचा भाग माणसं धुतात, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. स्टेपनीखालचा खड्डाही बघ.

एवढ्यातून गाडी सुटली तरी भाव मला पटत नाही. त्या जादा पैशांत तू न चाललेले किलोमीटर विकत घेतोयस, आणि तुला तर दर शनिवारी आंबा घाट गाठायचाय. पहिल्याच वर्षी ते किलोमीटर तू स्वतः जाळणार. ज्याला गाडी झाकून ठेवायचीय, त्यानं खुशाल द्यावेत. २०२०ची व्हीआरएस २४५ भारतात २००च आली. तसलं काही कुणी कपाटातल्या दागिन्यासारखं ठेवलं तर त्याचा हिशेब वेगळा. तुझा तो नाही.

माझं मन १ लाख १२ हजारवालीवर आहे. मालकाकडे बेल्टचं बिल आहे म्हणतोस, क्लच नवा आहे म्हणतोस. बिलावरची तारीख आणि किलोमीटर दोन्ही जुळतात का ते बघ, आणि आरसीची मुदत कधीपर्यंत वाढवलीय तेही. पंधरा वर्षांनंतर ती पाच-पाच वर्षांनीच मिळते.

रविवारी दोन्ही बघू. मी सातला विश्रामबागेत उभा राहीन. मालकांना आदल्या रात्रीच फोन करून सांग, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका, थंड असताना ते कसं सुरू होतं ते बघायचंय. बॅटरी आणायला विसरू नकोस, माझीतले सेल गेलेत.

तुझा,
काका