चमचाभर तेल आणि सांधेदुखी : तुमचे प्रश्न

थंडी पडली की मेलमध्ये तेलच तेल. कुणी जवसाचं पितंय, कुणी तिळाचं, कुणी बाहेरून मागवलेल्या कॅप्सूल घेतंय, आणि सगळ्यांचा समज एकच की सांधेदुखी म्हणजे एक आजार. तसं नाहीये. झिजेमुळे होणारा संधिवात वेगळा, आमवात म्हणजे रुमॅटॉइड वेगळा, युरिक ॲसिडमुळे होणारा गाऊट वेगळा. पुढचं वाचताना एवढं डोक्यात ठेवा.

प्र. वय ६२. जिना चढताना गुडघे कटकट वाजतात, दुखतात. वंगण संपलंय म्हणतात. रोज अनशापोटी दोन मोठे चमचे तिळाचं तेल प्यायलं की वंगण परत तयार होतं असा मेसेज आलाय. खरं का?

नाही. सांध्यातलं वंगण तेल नसतंच हो. सांध्याच्या आतलं अस्तर ते तयार करतं, चिकटसर पाणीच असतं ते, त्यात हायलुरॉनिक ॲसिड असतं. तुम्ही प्यायलेलं तेल आतड्यात पचतं, गुडघ्यापर्यंत तेल म्हणून पोचायचा प्रश्नच येत नाही. पोचतात त्या कॅलरी, दोन मोठ्या चमच्यांच्या साधारण २४०, आणि त्या पोटावर बसतात. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने कमी होतो, हे मोजून बघितलेलं आहे. तेव्हा तिळाचं तेल भाजीत घाला, फिजिओकडून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या, आणि दुखणं वाढत असेल तर गुडघा ऑर्थोपेडिकला दाखवा.

प्र. जवसाच्या तेलात ओमेगा-३ माशाइतकंच असतं ना? आम्ही शाकाहारी आहोत. फोडणीला वापरलं तर चालेल?

असतं, पण माशातलं नाही. जवसात एएलए नावाचा ओमेगा-३ चा प्रकार असतो, तेलात निम्म्याहून जास्त. सांध्याची सूज कमी करायला ज्याचा उपयोग दिसलाय ते माशातले ओमेगा-३, ईपीए आणि डीएचए, आणि एएलएपासून शरीर ते फार थोडं बनवतं. १९९५ साली आमवाताच्या २२ पेशंटवर तीन महिने जवसाची पूड देऊन छोटी चाचणी झाली होती, फरक पडला नाही. म्हणून जवस सोडू नका, भाजून कुटलेली जवसाची चटणी भाकरीबरोबर उत्तमच, पण औषध समजून खाऊ नका. अख्खं जवस खाल तर बरंचसं तसंच बाहेर पडतं. आणि फोडणी नको, हे तेल तापवलं की लगेच खराब होतं. छोटी बाटली घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, रंगासारखा वास आला की फेकून द्या. ओमेगा-३ हवंच असेल तर शेवाळापासून काढलेल्या शाकाहारी कॅप्सूल मिळतात, डॉक्टरांशी बोलून घ्या.

प्र. हार्डवेअरच्या दुकानात अळशीचं तेल खूप स्वस्त मिळतं, ते चालेल का?

अजिबात नाही. ते बॅटला आणि लाकडाला लावायचं, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची संयुगं घातलेली असू शकतात.

प्र. मुलीने अमेरिकेहून ईव्हनिंग प्रिमरोज ऑइलच्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल पाठवल्यात. आमवात आहे. रोज एक घेते. किती दिवसांत गुण येईल?

ताई, डबीवरचा मोठा आकडा तेलाचा आहे, औषधाचा नाही. डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. कामाचा घटक म्हणजे जीएलए, आणि प्रिमरोजमध्ये तो साधारण ९ टक्के, म्हणजे तुमच्या एका कॅप्सूलमध्ये ९० मिलिग्रॅमच्या आसपास. आता बघा, १९९३ साली अमेरिकेत बोराज नावाच्या झाडाच्या तेलावर जी चाचणी झाली आणि जिच्यात सूज, दुखणं थोडं कमी झालं, तिच्यात रोजचा जीएलए होता १.४ ग्रॅम, तोही २४ आठवडे, आणि नेहमीच्या गोळ्या चालू ठेवून. तुमच्या हिशोबाने रोज पंधरा-सोळा कॅप्सूल झाल्या! एका कॅप्सूलवर गुण येणार नाही आणि सोळा मी तुम्हाला सांगणार नाही. २०११ मध्ये असे सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यातही 'थोडा फायदा दिसतो' इथपर्यंतच गाडी आली. बोराज घेणार असाल तर त्यातले लिव्हरला घातक अल्कलॉइड काढलेले आहेत असं लेबलवर लिहिलेलं हवं. मुख्य औषध बंद करायचं नाही, आणि डबी घेऊन तुमच्या डॉक्टरांना एकदा भेटा.

प्र. वय ३४. सात महिने झाले, दोन्ही हातांची बोटं सुजतात, सकाळी तासभर मूठ मिटत नाही. अँटी-सीसीपी, म्हणजे आमवाताची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध लिहून दिलंय, पण सासरे म्हणतात त्या गोळ्या गरम पडतात, आधी एरंडेल आणि एका ओळखीच्यांकडची पूड घे. पुडीने तीन दिवसांत बरं वाटलं. गोळ्या सुरू करू की थांबू?

थांबू नका. याच आठवड्यात जाऊन डॉक्टरांना भेटा. हे पत्र दर वेळी नव्या गावाहून येतं, मजकूर मात्र तोच. आमवातात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उठते, आणि सूज आत बसून राहिली की कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) आणि हाड कुरतडत जाते. पहिले काही महिने सोन्यासारखे असतात, त्यात औषध लागू पडलं तर बोटं सरळ राहायची शक्यता खूप जास्त, आणि नेमका तोच वेळ लोक 'आधी तेल करून बघू' म्हणत घालवतात. कुरतडलेलं हाड नंतर कुठलंही तेल भरून देत नाही. रोज एरंडेल म्हणजे रोज जुलाब, पोटॅशियम खाली.

आणि पूड. सात महिन्यांची सूज तीन दिवसांत गायब झाली, तर मला आनंद होत नाही, संशय येतो. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. चेहरा गोल होणं, शुगर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, हे मागाहून येतं. पण ती आजच झटक्यात बंदही करू नका, महिनोन्‌महिने चालू असेल तर एकदम थांबवणं धोक्याचं. पुडी पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा, लाजू नका, आम्हाला सवय आहे.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही, रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवून कॅलेंडरवर लिहा. फॉलिक ॲसिड, रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या सांगतील तशा करा. बाळाचा विचार असेल तर आधी सांगा, ही गोळी गरोदरपणात चालत नाही. सासऱ्यांना पुढच्या व्हिजिटला बरोबर घेऊन या, समोर बसून ऐकलं की पटतं बऱ्याचदा.

प्र. घाण्याचं करडईचं तेल सांधे बिघडवतं का? ओमेगा-६ मुळे सूज वाढते म्हणे.

करडईत ओमेगा-६ भरपूर असतं हे खरं, पण नेहमीच्या स्वयंपाकाने सांधे सुजतात असं दिसलेलं नाही. घाण्याचं की रिफाइंड यापेक्षा किती, ते बघा, माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे.

प्र. ऑलिव्ह ऑइल पेनकिलरसारखं काम करतं असं वाचलं.

एक्स्ट्रा व्हर्जिन घशात झोंबतं ना, त्याला कारण असलेला ओलिओकॅन्थल हा घटक आयबुप्रोफेन या पेनकिलरसारखा वागतो, हे २००५ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. पण ५० ग्रॅम तेलात मिळतो तो आयबुप्रोफेनच्या डोसच्या दहाव्या भागाइतका. आवडत असेल आणि परवडत असेल तर सॅलडवर घाला, बाकी जाहिरात.

प्र. वडील रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन घेतात, प्रिमरोज चालेल?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, रक्तस्राव होऊ शकतो. ऑपरेशन ठरलं असेल तरी आधी सांगायचंच.

प्र. चिकनगुनियानंतर चार महिने झाले, घोटे दुखतात. तेलाने मालिश करू?

कोमट तेलाने हलक्या हाताने चालेल, पण सांधा गरम, सुजलेला असेल तर रगडू नका. बहुतेकांचं हळूहळू कमी होतं, पण तीन महिन्यांच्या वर सूज टिकली की सांधेतज्ज्ञांना दाखवायचं. तुमचे चार झालेत, अपॉइंटमेंट घ्या.