पॅरोलवर 'सुटला' की पॅरोलवर 'आला'?

एका वाचकाने विचारलं आहे: 'आपल्याकडे कैदी पॅरोलवर काही दिवस घरी येतो आणि परत तुरुंगात जातो. अमेरिकेच्या बातम्यांत मात्र वीस-वीस वर्षांनी पॅरोलवर सुटलेला माणूस परत जातच नाही. शब्द एकच, मग हा फरक कसा? आणि सरकारी कागदावरची अभिवचन रजा आणि संचित रजा म्हणजे नेमकं काय?'

मुळापासून सांगतो, कारण या शब्दाचं मूळ फार देखणं आहे. फ्रेंचमध्ये 'पारोल' म्हणजे शब्द, बोलणं. युद्धात पकडलेला अधिकारी 'मी पळून जाणार नाही' किंवा 'तुमच्याविरुद्ध पुन्हा शस्त्र धरणार नाही' असा शब्द द्यायचा आणि त्यावर त्याला मोकळं फिरू दिलं जायचं. म्हणजे पॅरोल हे काही सुटकेचं नाव नव्हे, ते दिलेल्या शब्दाचं नाव. आपल्याला हे समजायला कष्ट पडत नाहीत, कारण मराठीतही 'शब्द' दोन्ही कामं करतो. शब्द बोलतात आणि शब्द देतातही. तो पाळतात, मोडतात, फिरवतात. भाषाविज्ञान शिकलेल्यांना सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाचा 'पारोल', म्हणजे प्रत्यक्ष बोलणं, आठवेल. तोही हाच. आणि 'पार्लमेंट'सुद्धा याच कुळातला आहे, बोलण्याची जागा म्हणून.

महाराष्ट्राच्या कारागृह खात्यात पॅरोलला 'अभिवचन रजा' म्हणतात. ज्याने कुणी हा प्रतिशब्द घडवला त्याला माझा मनापासून नमस्कार. मूळ शब्दातला दिलेला शब्द त्याने जसाच्या तसा मराठीत आणला आणि पुढे 'रजा' जोडून आपल्या व्यवस्थेत ही चीज काय आहे तेही सांगून टाकलं. ही रजा आहे. सुटका नाही.

संचित रजेचं, म्हणजे इंग्रजीतल्या फर्लोचं, उलट झालं. हा शब्द मूळचा डच, अर्थ नुसता 'रजा', आणि तो आला पलटणींतून. शब्दाला शब्द ठेवायचा तर काहीच हाती लागलं नसतं. म्हणून मराठीकाराने व्यवहार पाहिला: कैदी शिक्षा भोगत जातो तशी ही रजा त्याच्या खात्यात साठत जाते. म्हणून 'संचित'. कचेरीतल्या अर्जित रजेची ही सख्खी बहीण आहे. संचित म्हटलं की आपल्याला संचित-प्रारब्ध-क्रियमाण आठवतं, पण इथे त्याचा संबंध जोडू नका. हे साठवलेल्या दिवसांचं संचित आहे.

दोन्ही रजांचा आधार १९५९ चे मुंबई फर्लो व पॅरोल नियम. तेव्हा मुंबई हे द्विभाषिक राज्य होतं, म्हणून १९६० नंतर हेच नियम गुजरातच्याही वाट्याला गेले. संचित रजेला खास कारण लागत नाही. दीर्घ शिक्षा भोगणाऱ्याचं घरादाराशी नातं तुटू नये, तुरुंगवासाने माणूस आतून करपू नये, यासाठी ती आहे. अभिवचन रजेला मात्र कारण हवं: घरातला मृत्यू, लग्न, गंभीर आजारपण, बायकोचं बाळंतपण, पुरात किंवा आगीत घर जाणं. आणि ज्यावर कैद्याचं सगळं लक्ष असतं तो फरक असा की फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. पॅरोलवर जितके दिवस बाहेर, तितकी सुटकेची तारीख पुढे. २०२० मध्ये करोनाच्या साथीत तुरुंगांतली गर्दी कमी करण्यासाठी नियमांत खास तरतूद आली: आधी ४५ दिवस आणि मग तीस-तीस दिवसांची वाढ. तेव्हा हा शब्द ज्यांच्या घरी कधी गेला नव्हता, तिथेही पोचला. फर्लो हा हक्क नव्हे, हेही लक्षात असू द्या. नियमांत ते लिहिलेलं आहे, आणि २०२१ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सांगितलं.

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे येतो, कारण माझा जीव अडकतो तो तिथे. 'पॅरोलवर सुटलेला कैदी' हे वर्तमानपत्रांतून रोज दिसतं. लहानपणी आमच्या आळीतल्या एका घरी मुलगा बहिणीच्या लग्नासाठी असा आला होता. अंगणात मांडव पडलेला, आणि हा रोज सकाळी आंघोळ करून, सदऱ्याच्या खिशात रजेचा कागद घालून ठाण्यावर सही करायला निघायचा. कागद घड्यांवर फाटेल म्हणून आईने तो दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून दिला होता. एक शेजारीण म्हणाली, 'सुटला का हो शेवटी?' तर ती माऊली हळदीच्या हातांनीच थांबली आणि म्हणाली, 'सुटला नाही बाई. रजेवर आलाय. सोमवारी जायचंय.' इतकं नेमकं मराठी मी नंतर फार थोड्या बातम्यांत वाचलं. म्हणून माझा आग्रह आहे: आपल्याकडच्या कैद्याबद्दल लिहिताना 'पॅरोलवर आला', 'रजेवर बाहेर आहे' असं लिहा. 'सुटला' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं शिक्षा माफ झाली, आणि त्या घराबद्दल भलतंच बोललं जातं.

याच गोंधळात 'जामीन'ही सापडतो. जामीन मुख्यतः खटला चालू असलेल्याला, म्हणजे न्यायाधीन बंद्याला. रजा सिद्धदोष बंद्याला, म्हणजे ज्याचा गुन्हा शाबीत झाला त्याला. अरबीत 'जामिन' म्हणजे हमी घेणारा माणूस. 'मी त्याला जामीन राहतो' यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. पुढे जामीन हे सुटकेचंच नाव झालं आणि माणसासाठी आपल्याला 'जामीनदार' घडवावा लागला. म्हणजे मुळात जामीन हा दुसऱ्याने दिलेला शब्द आणि पॅरोल हा स्वतःचा. व्यवहारात अभिवचन रजेलाही जामीनदार आणि जातमुचलका लागतोच, पण शब्दांच्या पोटातला फरक हा असा आहे.

अमेरिकेत पॅरोल म्हणजे शिक्षा पुरी होण्याआधीची सुटका. पॅरोल मंडळ कैद्याचं वागणं, गुन्हा, बाहेर राहण्याची सोय हे सगळं पाहून ठरवतं. पुढची उरलेली शिक्षा तो बाहेर, अटी पाळत, अधिकाऱ्याच्या नजरेखाली काढतो. अट मोडली तर परत आत. म्हणजे तिथे 'पॅरोलवर सुटला' हेच बरोबर आणि 'अभिवचन रजा' साफ चूक. याला मराठीत 'सशर्त सुटका' म्हणावं. हा शब्दप्रयोग आपल्याला परका नाही. १९२४ मध्ये सावरकरांना येरवड्यातून सोडलं ते रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारणात पडायचं नाही या अटींवर, आणि त्या अटी १९३७ पर्यंत उठल्या नाहीत.

अमेरिकेतल्या पॅरोलमध्येही एक पोटभेद आहे. अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांत १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांसाठी पॅरोल उरलाच नाही. १९८४ च्या कायद्याने तो काढून टाकला. अनेक राज्यांत तो अजून आहे. केंद्रात त्याच्या जागी 'सुपरवाइज्ड रिलीज' आली. तिचं गणित वेगळं: न्यायाधीश शिक्षा सुनावतानाच सांगतात की तुरुंगवास संपल्यावर आणखी इतकी वर्षं देखरेख. बऱ्याच गुन्ह्यांत ती एक ते पाच वर्षं असते, काहींत जन्मभरही असू शकते. म्हणजे पॅरोल शिक्षेच्या पोटातून वेळ काढून देतो, तर ही देखरेख शिक्षेच्या शेपटाला जोडलेली असते. अधिकाऱ्याला भेटत राहायचं, परवानगीवाचून ठरलेल्या भागाबाहेर जायचं नाही, सांगतील तेव्हा अंमली पदार्थांची तपासणी द्यायची.

हिला काही जण 'परिवीक्षा', म्हणजे प्रोबेशन, म्हणतात, ते मला पटत नाही. परिवीक्षा आपल्याकडे १९५८ च्या कायद्याने तुरुंगात पाठवण्याऐवजी दिली जाते. शिवाय नोकरीतला परिवीक्षाधीन उमेदवार त्या शब्दावर आधीच बसलेला आहे. मी 'शिक्षेनंतरची देखरेख' असं सरळ लिहितो. लांब आहे, पण वाचणाऱ्याला पुन्हा विचारावं लागत नाही.

राहिला अमेरिकेतलाच 'ॲडव्हान्स पॅरोल'. ग्रीन कार्डाचा अर्ज पडून असलेल्या मुलाने फोनवर 'माझा पॅरोल आला' म्हटलं की इथल्या आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. त्याचा तुरुंगाशी काही संबंध नाही. अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर जाऊन परत येण्याची ती आगाऊ परवानगी आहे, आणि घरात तिला 'परतीचा परवाना' म्हटलं तर सगळ्यांना एका दमात कळतं.