नातू कमावतो, शाळा बुडते

ताई, माझा नातू दहा वर्षांचा, पाचवीत आहे. दीड वर्ष झालं, एका मराठी मालिकेत हिरोच्या मुलाचं काम करतो. शूटिंग गोरेगावला फिल्मसिटीत. मुलगा-सून दोघं नोकरीला, म्हणून सेटवर सोबत मी असते. सकाळी सातला गाडी येते, घरी यायला रात्रीचे साडेनऊ होतात. महिन्यातून आठ-दहा दिवस शाळा होते. परवा बाईंनी बोलावून सहामाहीचा मराठीचा पेपर दाखवला. 'माझा मित्र' या निबंधात पोरानं सेटवर चहापाणी बघणाऱ्या स्पॉटदादावर लिहिलंय. बाई म्हणाल्या, आजी, याला वर्गातल्या निम्म्या मुलांची नावं येत नाहीत. घरी बोलले तर मुलगा म्हणतो, अशी संधी पुन्हा येत नाही. सून म्हणते, आई, तुम्हाला झेपत नसेल तर बाई ठेवू. बदलापूरला घर घेतलंय, त्याचा हप्ता नातवाच्या पैशातून जातो. पोराला काम आवडतं, सगळ्यांचे संवाद पाठ असतात. मी मध्ये पडू की गप्प बसू?
– एक आजी, भांडुप

आजी,

पडा. घरात आपल्याला कोण विचारतं, असं तुम्हाला वाटत असेल, पण या सगळ्या प्रकरणात खरी माहिती फक्त तुमच्याकडे आहे. मुलाला आणि सुनेला रात्री टीव्हीवर वीस-बावीस मिनिटं दिसतात. त्याआधीचे दहा तास तुम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघितलेले असतात.

मी परळला प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. नाटकात काम करणारी मुलं माझ्या वर्गात दर दोन-तीन वर्षांनी असायची. पण बालनाट्याच्या तालमी परीक्षा झाल्यावर सुरू व्हायच्या, शिवाजी मंदिरला मे महिन्यात प्रयोग लागायचे आणि जूनमध्ये पोरगं छत्री घेऊन वर्गात हजर. रोजच्या मालिकेला मे महिना नाही, दिवाळी नाही. एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग, संपत आली की सगळं युनिट धावायला लागतं आणि त्यात दहा वर्षांचं पोरही धावतं. म्हणून शाळेचं आणि कामाचं गणित ते लोक आपणहून जमवतील याची वाट बघू नका.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला आपल्याकडे बंदी आहे. २०१६ साली बालकामगार कायद्यात बदल झाला, त्यात मालिका, सिनेमा, जाहिराती यांना सूट ठेवली, पण शाळेच्या शिक्षणावर परिणाम होता कामा नये या अटीवर. पुढच्या वर्षी नियम आले. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. लागोपाठ २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. अभ्यासात खंड पडू नये याची सोय निर्मात्यानं करायची. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा. आणि हे सगळं जिल्हाधिकाऱ्यांना लिहून देऊन आधी परवानगी घ्यायची. शूटिंग ज्या जिल्ह्यात, तिथले जिल्हाधिकारी, म्हणजे फिल्मसिटीसाठी वांद्र्याचं उपनगर जिल्हा कार्यालय. उद्या सेट घोडबंदरला हलला तर ठाणे. हे हमीपत्र सहा महिने चालतं. दीड वर्षात ते किमान तीनदा व्हायला हवं होतं. पालकांची संमती त्यात लागतेच, तेव्हा तुमच्या मुलाने कशाकशावर सह्या केल्यात ते एकदा बघा. बहुतेक त्यालाही आठवत नसेल.

आता तुमचं काम. शंभर पानी वही घ्या. रोज पाच गोष्टी लिहा: गाडी कधी आली, सेटवर कधी पोचलात, पहिला शॉट कधी, जेवण कधी, पॅकअप कधी. पंधरा दिवस, बास. कुणाला सांगू नका, भांडू नका. पाच तासांचं काम असं सगळेच म्हणतात, कारण मोजताना ते फक्त कॅमेरा चालू असतानाचा वेळ धरतात. मेकअप करून, शाळेचा युनिफॉर्म घालून (मालिकेतल्या शाळेचा, काय विनोद आहे बघा) चार तास नुसतं बसवलेलं पोरगं कुणाच्या हिशेबात येत नाही. तुमच्या वहीत येईल. भांडुपहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या ट्रॅफिकमधून जायला-यायला लागणारा वेळही लिहा.

ती वही घेऊन मुलाने कार्यकारी निर्मात्याला भेटायचं. आरडाओरडा करायची गरज पडत नाही. मागणी एवढीच: याचे सीन एकत्र लावा. आठवड्यात दोन दिवस आणि फार तर तिसरा अर्धा दिवस. मालिकावाल्यांना हे छान जमतं. मोठ्या नटाचा नाटकाचा दौरा असला की त्याचे सगळे सीन दोन दिवसांत उरकतात, मग लेकराचे का नाही? परीक्षेच्या आठवड्यात कथेतलं पोर मामाच्या गावाला जाऊ शकतं. मालिकांमधली मुलं वर्षाला दोनदा गावाला का जातात असं तुम्हाला वाटलं असेल, तर कारण बहुतेक हेच असतं. नवीन करार होईल तेव्हा हे तोंडी ठेवू नका, लिहून घ्या. सेटवर शिकवायला कुणी येत असेल तर उत्तम, पण व्हॅनमध्ये गणित होतं, वर्ग होत नाही. तुमच्या बाईंना नेमकं तेच म्हणायचंय.

पाचवीचं आणखी एक आहे. आपल्या राज्यात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत पास व्हावं लागतं. नापास झालं तर फेरपरीक्षा, आणि त्यातही राहिलं तर पुन्हा त्याच वर्गात. घरात कुणाला हे माहीत नसेल तर सांगा. संधीची भाषा बोलणारा बाप निदान यावर थांबून विचार करेल.

आता हप्त्याकडे येते. तुम्ही ते पत्रात एका ओळीत उरकलंत, पण दुखणं तिथे आहे. घराचा हप्ता पोराच्या पैशातून जातो, म्हणजे काम थांबवायचा निर्णय आता घरात कुणीच घेऊ शकत नाही. मालिका आज आहे, उद्या लीप घेतला, म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे नेली, की तुमचा नातू वीस वर्षांचा होईल आणि दुसराच कुणी त्याच्या जागी उभा राहील. आणि पैसे तीन-तीन महिन्यांनी हातात येतात. या भरवशावर कुणी वीस वर्षांचं कर्ज घेतं का? तुमच्या मुलाला वाईट माणूस म्हणत नाही मी. मुंबईत घराचं नाव काढलं की भल्याभल्यांचं डोकं चालेनासं होतं.

नियम असा आहे की मुलाच्या कमाईतली किमान वीस टक्के रक्कम थेट त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवी, ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते. ती पावती बघायला मागा. आणि वीस ही कमीत कमी आहे, शंभर ठेवायला कुणाची ना नाही. हॉलिवूडमध्ये जॅकी कूगन नावाचा पोरगा होता, १९२१ साली चॅप्लिनबरोबर पडद्यावर आला आणि जगभर गाजला. मोठा होऊन बघतो तर पैसे आईने आणि सावत्र बापाने संपवलेले. तो कोर्टात गेला, त्यावरून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात मुलांच्या कमाईचा कायदा झाला. गोष्ट जुनी आहे, घरोघरची आहे.

सुनेशी वेगळं बोला. ती "बाई ठेवू" म्हणाली ते तुम्हाला टोचलं, साहजिक आहे. पण सकाळची लोकल पकडून ऑफिसला जाणाऱ्या आईला तिचं पोर सलग दोन जागे तास कधी मिळतं, हे तिला कुणी विचारलंय का? मला वाटतं घरातला पहिला पाठिंबा तुम्हाला तिच्याकडून मिळेल. हप्त्यातला किती भाग दोघांच्या पगारातून निघतो, किंवा बदलापूरचं घर भाड्याने देता येतं का, हे बोलणंही तिच्याशी सोपं जाईल.

आणि नातू. त्याला आवडतं, हे खरं असेल. कौतुक कुणाला आवडत नाही? तरी "काम आवडतं का" असं विचारू नका, त्याचं उत्तर त्यालाही पाठ आहे. रात्री चेहऱ्यावरचा मेकअप पुसताना सहज विचारा, "उद्या शूटिंग नसलं तर काय करशील रे?" मग गप्प बसा. लगेच उत्तर आलं, क्रिकेट, अमक्याच्या घरी, काहीही, तर ठीक आहे, पोर अजून पोर आहे. "मग हप्ता?" असं म्हणाला, तर कराराची तारीख न बघता काम थांबवा. मुलाच्या मर्जीविरुद्ध त्याला काम करायला लावता येत नाही, हेही त्याच नियमांत लिहिलेलं आहे.

बाईंनाही निरोप द्या. गॅदरिंगला त्याला स्टार म्हणून पुढे उभा करतील, तो मोह शाळांना आवरत नाही. त्यांना सांगा, याला मागच्या रांगेतलं झाड करा, दोन मित्रांच्या मध्ये.

रविवारी दुपारी सगळे घरी असतील. मुलाशी बोलायला बसाल तेव्हा शंभर पानी वही लगेच काढू नका. आधी बाईंकडून तो निबंधाचा पेपर मागून आणलेला असू द्या. मुलाच्या हातात द्या आणि चहा ठेवायला आत जा.