माझ्याबद्दल कामाच्या ठिकाणी खोटी गोष्ट पसरली आहे. गप्प बसलो तर लोक विसरतील का?

तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांपासून तुमच्या नावाने पैशांच्या अफरातफरीची कुजबुज चालू आहे, त्यात काडीचं तथ्य नाही, आणि घरचे म्हणतात, "दुर्लक्ष कर, लोक विसरतात." माझं उत्तर आहे, गप्प बसू नका. लोक तपशील विसरतात हे खरं. पण "त्यांचं काहीतरी पैशांचं होतं ना?" एवढं डोक्यात राहून जातं, आणि ते जास्त वाईट. तपशील खोडून काढता येतो, "काहीतरी" कसं खोडणार?

हे मी ठामपणे सांगतेय, कारण मी स्वतः एकदा अशी कंडी पिकवायला हातभार लावला आहे.

अकरा वर्षांपूर्वी मी एका संस्थेच्या हिशेब विभागात होते. ऑडिट चालू असताना रोख वहीत मोठा फरक निघाला, आणि नेमके त्याच आठवड्यात आमचे एक ज्येष्ठ सहकारी रजेवर गेले. जिन्यात कोणीतरी म्हणालं, "फरक निघालाय म्हणे, आणि हे गायब." मी ते वाक्य पुढे सात जणांना सांगितलं. सात हा आकडा मी नंतर बसून मोजला. प्रत्येक वेळी शेवटी जोडायचे, "खरं-खोटं देव जाणे हं." त्या शेपटामुळे आपण कोणावर आरोप करत नाही आहोत, असं मला मनापासून वाटत होतं.

त्या शेपटाने काहीही वाचत नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1981 साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. लोकांना निवडणुकीतल्या उमेदवारांविषयीचे मथळे वाचायला दिले. काहींत सरळ आरोप होता, काहींत तोच आरोप प्रश्नचिन्ह लावून विचारला होता, काहींत "याचा त्याच्याशी संबंध नाही" असा स्पष्ट नकार होता, आणि काही मथळे अगदी साधे, कशाशीच घेणंदेणं नसलेले होते. प्रश्नचिन्हाच्या मथळ्याने माणसाबद्दलचं मत जवळजवळ आरोपाइतकंच खराब केलं. नकाराचा मथळा वाचलेल्यांचं मतसुद्धा साधा मथळा वाचलेल्यांपेक्षा वाईट होतं. म्हणजे "मी पैसे खाल्ले नाहीत" असं तुम्ही दारोदार सांगत फिरलात, तर ऐकणाऱ्याच्या मनात तुमचं नाव आणि पैसे यांची गाठ आणखी घट्ट होणार.

मग करायचं काय, हे सांगण्याआधी लिंडी चेंबरलेनची हकिकत सांगते. ती वाचल्यापासून माझ्या मनातून गेलेली नाही. 17 ऑगस्ट 1980 च्या रात्री ऑस्ट्रेलियात उलुरू या प्रचंड खडकाजवळच्या पर्यटकांच्या तळावरून तिची नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने बाळ नेलं, असं ती पहिल्या क्षणापासून सांगत होती. पण ती कॅमेऱ्यासमोर पुरेशी रडली नाही. तिचा पंथ बहुतेकांना अनोळखी होता. कोणीतरी उठवलं की अझारिया या नावाचा अर्थ "रानातला बळी" असा आहे. त्या हिब्रू नावाचा खरा अर्थ देवाने साहाय्य केलेला असा आहे. शब्दकोश उघडायला किती वेळ लागतो? तरी ते "बळी" देशभर पसरलं. 1982 मध्ये तिला खुनासाठी जन्मठेप झाली, तेव्हा ती गरोदर होती. गाडीत सापडलेलं रक्त म्हणून जे न्यायालयात दाखवलं, त्यातला एक महत्त्वाचा भाग नंतर गाडीतला आवाज दाबण्यासाठी कारखान्यात फवारलेला लेप निघाला. 1986 मध्ये डिंगोंच्या वावराच्या जागेजवळ बाळाचं जाकीट सापडलं आणि ती सुटली, 1988 मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि डिंगोमुळेच मृत्यू झाला हे मृत्यूच्या चौकशीत नोंदलं जायला 2012 उजाडलं. बत्तीस वर्षं. त्या बत्तीस वर्षांत "रानातला बळी" सांगणाऱ्यांपैकी किती जण, ज्याला सांगितलं त्याच्याकडे परत गेले असतील, हा विचार मी पुष्कळदा करते.

आपल्याकडे इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांचं तेच झालं. 1994 मध्ये अटक झाली ती रॉकेटच्या क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या) इंजिनाची गुपितं विकल्याच्या आरोपावरून, आणि ते तंत्रज्ञान तेव्हा भारताच्या हाती आलेलंच नव्हतं. मालदीवच्या दोन बायकांची नावं कथेत होती, त्यामुळे लोकांना बाकी काही विचारावंसंच वाटलं नाही. 1996 मध्ये सीबीआयने प्रकरण निराधार ठरवलं. अटक विनाकारण होती असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि 50 लाखांची भरपाई दिली ती 2018 मध्ये.

दोन्हीकडे कागद साफ झाला. कागद साफ होणं गरजेचंच आहे, ते आधी करा. वरिष्ठांकडे लेखी अर्ज द्या: माझ्याविषयी असं बोललं जातंय, चौकशी करा आणि निष्कर्ष लेखी द्या. अर्जाची पोच घ्या. कोणी ईमेलवर किंवा मेसेजमध्ये आरोप केला असेल तर तो जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा. पहिल्यांदा कोण बोललं हे शोधत मात्र बसू नका. त्यात महिने जातात, आणि तोवर तुम्हीच सगळ्यांवर संशय घेणारे होऊन बसता.

पण कागद फाइलमध्ये जातो आणि गोष्ट तोंडातोंडी फिरत राहते. आमच्या त्या सहकाऱ्यांचं असंच झालं. तीन आठवड्यांनी कळलं की एक नोंद दोनदा पडली होती, म्हणून फरक आला. ते रजेवर गेले होते, कारण त्यांचा भाऊ अतिदक्षता विभागात होता. फाइलला टिपण लागलं, विषय संपला. पण कोणीही कोणाला काही सांगितलं नाही. मीसुद्धा नाही. ते परत आले तेव्हा त्यांना पाहून बोलणी थांबायची. तिजोरीची किल्ली "सोयीसाठी" दुसऱ्याकडे दिली गेली होती, ती त्यांच्याकडे परत आलीच नाही. दीड वर्षाने त्यांनी नोकरी सोडली. निघायच्या दिवशी मी त्यांना सगळं सांगून माफी मागितली. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही तेव्हा मला फोन का नाही केलात? मी सांगितलं असतं."

मग मी त्या सात जणांकडे जायचं ठरवलं. दोघं नोकरी सोडून गेले होते. उरलेल्या पाचांपैकी चौघांना ऑडिट, वही, फरक यातलं काही आठवत नव्हतं, पण "हो, त्यांचं काहीतरी होतं ना" हे चौघंही म्हणाले. मी त्यांना दोनदा पडलेली नोंद आणि भावाचं आजारपण, दोन्ही सांगितलं. दुसऱ्या गोष्टीने चेहरे बदलले. नुसतं "ते निर्दोष होते" म्हणून भागत नाही, फरक आला कसा आणि माणूस होता कुठे याचं उत्तर मिळाल्यावरच जुनी गोष्ट जागा सोडते, हे मी तेव्हा पाहिलं.

म्हणून तुम्हाला सुचवते. ज्यांच्या मताने तुमच्या रोजच्या जगण्यात खरंच फरक पडतो, असे पाच-सहा जण निवडा. प्रत्येकाला एकट्याला गाठा. "मी केलं नाही" इथून सुरुवात करू नका, घडलं काय इथून करा: पैसे कुठून आले, कुठे गेले, सही कोणाची आहे, कागद कुठे पाहता येईल. मग स्पष्ट विचारा, "तुम्ही हे कोणाला सांगितलं होतंत का? असेल तर एवढंही त्यांना सांगाल?" हे विचारायला फार जड जातं, मला कल्पना आहे. पण तुम्ही स्वतः सांगितलेला खुलासा हा आरोपीचा खुलासा ठरतो. तोच, ज्याने गोष्ट आणली त्याच्याच तोंडून परत आला की ऐकणारा थांबतो. सगळे ऐकणार नाहीत. काही जण मान डोलावतील आणि विसरतील.

त्या पाचांपैकी एकीला मात्र सगळं लख्ख आठवत होतं. माझं बोलणं संपल्यावर ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून तर मी विश्वास ठेवला होता." त्याच संध्याकाळी तिने आणखी तिघांना फोन केले.